विंडोज १० वरून लिनक्सकडे: घरचा संगणक बदलताना नेहमी पडणारे प्रश्न

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीत रविवारी सकाळी मिसळ खाऊन झाली की कुणी ना कुणी लॅपटॉप काखेत मारून दारात उभं राहतं. मी अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. संगणक हा माझा धंदा नाही, पण पाना-स्क्रूड्रायव्हर हातात धरणाऱ्याला सगळंच दुरुस्त करता येतं असा लोकांचा समज असतो. विंडोज १० ची मुदत संपल्यापासून या फेऱ्या फार वाढल्या. आतापर्यंत वीसेक मशीन लिनक्सवर नेली, दोन-तीन जणांना नेऊ नका म्हणून परत पाठवलं. सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले.

विंडोज १० बंद झालं म्हणतात, पण माझा संगणक तर चालू आहे. मग बंद काय झालं?

१४ ऑक्टोबर २०२५ नंतर मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी सुरक्षेचे नेहमीचे मोफत अपडेट देणं थांबवलं. संगणक उद्याही चालू होईल, परवाही होईल. फक्त विंडोजमध्ये नवं भोक सापडलं तर ते बुजवायला कुणी येणार नाही. त्या मशीनवर नुसती गाणी ऐकत असाल तर घाई नाही. बँकेचा व्यवहार करत असाल तर आहे.

एक वर्षाची जादा मुदतही आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज अपडेटच्या पानावर तिची नोंदणी होते आणि त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात चालू ठेवला की पैसे न भरताही नोंदणी होते. ज्यांना लगेच निर्णय घ्यायचा नाही त्यांना मी आधी हेच करायला लावतो. घाईत केलेल्या कामात फोटो जातात, पुढे सांगतो.

मग सरळ विंडोज ११ का टाकू नये?

टाकता येत असेल तर टाका, माझी हरकत नाही. अडचण अशी की विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसरही ठरावीक यादीतला लागतो. ढोबळ हिशेब सांगायचा तर इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा, म्हणजे २०१७-१८ च्या आसपासचा आणि नंतरचा. २०१५-१६ ला घेतलेला आय-५ लॅपटॉप धडधाकट असला तरी यादीत बसत नाही. अट चुकवून टाकायच्या युक्त्या आहेत, पण अशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. म्हणजे ज्या कारणासाठी बदलायला निघालो तेच कारण पुन्हा समोर.

लिनक्स म्हणजे नक्की काय?

विंडोजच्या जागी बसणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम. १९९१ साली हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्सने तिचा गाभा लिहायला घेतला आणि तो सगळ्यांसाठी खुला ठेवला. जगभरातले लोक आणि कंपन्या तो आजही लिहीत असतात. तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन याच गाभ्यावर चालतो, त्यामुळे 'मी लिनक्स कधी वापरलं नाही' असं म्हणणारा माणूस बहुतेक ते वाक्य लिनक्सवरच टाइप करत असतो.

पैसे लागत नाहीत. चोरून घ्यावंही लागत नाही, ही त्याहून मोठी गोष्ट. आपल्याकडे वर्षानुवर्षं 'क्रॅक' मारलेलं विंडोज घराघरात बसलं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

मी लिनक्सवर जावं का?

'कोणतं लिनक्स चांगलं' हा प्रश्न नंतरचा. आधी एक कागद घ्या आणि गेल्या दोन महिन्यांत या संगणकावर काय काय केलं ते लिहा. आठवून नका लिहू, चार दिवस कागद कीबोर्डशेजारी ठेवा आणि एखादी गोष्ट उघडली की टिपा. मी आता हा कागद पाहिल्याशिवाय कुणाच्या मशीनला हात लावत नाही.

बहुतेक कागदांवर क्रोम, व्हॉट्सॲप वेब, यूट्यूब, वीजबिल, मुलांचे पीडीएफ, कधी एखादं पत्र, वर्षातून दोनदा एक्सेल असंच निघतं. अशांनी डोळे मिटून जावं. ब्राउझरमध्ये होणारं कुठलंही काम लिनक्सवर जसंच्या तसं होतं. सातबारा काढणं, महाडीबीटीचा अर्ज, रेल्वेचं आरक्षण, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या साइटवरची कामं, सगळं यात आलं. पिंपळगावचा माझा एक मेहुणा द्राक्षांच्या फवारणीची नोंद एक्सेलमध्ये ठेवतो. त्यालाही काही फरक पडला नाही.

पण कागदावर टॅली, कोरलड्रॉ, फोटोशॉप, ऑटोकॅड किंवा डिजिटल सहीचं टोकन यांपैकी काही असेल तर पुढचा प्रश्न वाचल्याशिवाय काही करू नका.

टॅली चालतं का?

टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे. 'वाइन' नावाच्या मध्यस्थ प्रोग्रॅममधून ते लिनक्सवर उघडल्याचे व्हिडिओ दाखवून लोक मला विचारतात. उघडणं वेगळं, मार्चअखेरीला भरवशाने चालणं वेगळं. टॅलीवर ज्याचं पोट आहे त्याने त्या मशीनवर विंडोजच ठेवावं, हे माझं स्पष्ट मत. मेन रोडवरच्या एका कापड दुकानदाराला मी हेच सांगून परत पाठवलं. त्याच्या घरातला मुलांचा संगणक मात्र लिनक्सवर नेला.

कोरलड्रॉ आणि फोटोशॉपचंही तसंच. इंकस्केप, गिंप, क्रिटा हे चांगले प्रोग्रॅम आहेत आणि नव्याने शिकणाऱ्याला पुरेसे आहेत. पण फ्लेक्सच्या दुकानात पंधरा वर्षं कोरलवर बसलेला हात दुसरीकडे बसत नाही, आणि गिऱ्हाईक त्याच फॉरमॅटची फाइल मागतं. डिजिटल सहीच्या टोकनांना लिनक्सचे ड्रायव्हर, म्हणजे जोडलेली वस्तू चालवणारे छोटे प्रोग्रॅम, असतात. तरी टोकन, ब्राउझर आणि सरकारी साइट या तिघांचं जमलं तरच सही उमटते. जीएसटी किंवा कंपनीची रिटर्न त्यावर भरत असाल तर ते काम सीएच्या मशीनवरच राहू द्या.

कोणतं लिनक्स घ्यायचं? नावं शंभर दिसतात.

एकाच गाभ्यावर वेगवेगळ्या लोकांनी बांधलेल्या या सिस्टीम. त्यांतलं लिनक्स मिंट घ्या, सिनॅमन नावाची आवृत्ती. वाद घालणारे भेटतील. इंजिनीअरिंगला असलेला पुतण्या तुम्हाला फेडोरा किंवा आर्च घ्यायला सांगेल आणि परीक्षा जवळ आली की फोन उचलणार नाही.

मिंटच का, तर खाली डावीकडे मेनू, उजव्या कोपऱ्यात घड्याळ, मध्ये उघडलेल्या खिडक्या, अशी विंडोज ७ ची सवय असलेल्या माणसाला घरच्यासारखी मांडणी. मिंट २००६ पासून आहे. ते उबुंटू या दुसऱ्या लिनक्सवर आधारलेलं आहे आणि मिंट २२ या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. तिच्यातल्या आवृत्त्यांना विल्मा, झिया, झारा अशी बायकांची नावं आहेत. आमच्या सौ.ला या सगळ्या प्रकरणात तेवढंच आवडलं.

आपल्या सी-डॅकनेही 'बॉस' नावाचं भारतीय लिनक्स बनवलंय, सरकारी कार्यालयांचा विचार करून. घरासाठी मी तरी मिंटच सुचवतो, कारण अडचण आली की तिचं उत्तर इंटरनेटवर आधीच कुणीतरी दिलेलं असतं.

माझा संगणक फारच जुना आहे. चालेल?

मिंटला किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असावी असं ते स्वतःच सांगतात. माझ्या अनुभवात ४ जीबीवर क्रोमचे दहा टॅब उघडले की कुठलीही सिस्टीम धापा टाकते. तेव्हा सिनॅमनऐवजी एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या.

खरा फरक पडतो तो हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी वेगवान डिस्क, बसवल्याने. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी तिथे करा. फिरती हार्ड डिस्क असलेल्या मशीनवर लिनक्स टाकून 'तरी हळूच चालतंय' म्हणणाऱ्यांना मी तेच सांगतो. दोष सिस्टीमचा नाही, आतली तबकडी दमलीय.

३२-बिटचा प्रोसेसर असेल, म्हणजे २००५-०६ च्या आगेमागे घेतलेला संगणक, तर नवी मिंट त्यावर बसणार नाही. डेबियन या दुसऱ्या लिनक्सनेही ऑगस्ट २०२५ मधल्या १३ व्या आवृत्तीपासून ३२-बिटचा इन्स्टॉलर बंद केला. अशा मशीनला आता निवृत्ती द्या.

आधी न टाकता नुसतं बघता येतं का?

येतं, आणि बघाच. यासाठी ८ जीबीचा एक पेनड्राइव्ह आणि साधारण ३ जीबीची आयएसओ फाइल, म्हणजे अख्खं मिंट भरलेली एकच फाइल, लागते. विंडोजवर 'रूफस' नावाचा छोटा प्रोग्रॅम घ्या. तो आयएसओ पेनड्राइव्हवर उतरवतो. पेनड्राइव्हवरचं जुनं सगळं पुसलं जातं, तेव्हा लग्नाच्या व्हिडिओचा पेनड्राइव्ह वापरू नका.

फाइल मिंटच्या अधिकृत साइटवरूनच उतरवा आणि तिथे दिलेल्या चेकसमशी, म्हणजे फाइल अस्सल आहे हे पटवणाऱ्या अंक-अक्षरांच्या ओळीशी, जुळवून पाहा. ही नुसती सावधगिरी नाही. २० फेब्रुवारी २०१६ ला मिंटच्या साइटवरच कुणीतरी घुसलं आणि त्या दिवसापुरता लोकांना छुपं दार ठेवलेल्या आयएसओकडे वळवलं होतं. ज्यांनी जुळवून पाहिलं ते वाचले.

मग संगणक बंद करून पेनड्राइव्ह लावा आणि चालू करताना बूट मेनूची कळ दाबत राहा. डेल, लेनोवो, एसरला बहुतेक एफ१२, एचपीला एफ९, असुसच्या लॅपटॉपला एस्केप. पेनड्राइव्हवरूनच मिंट उघडेल. तुमच्या डिस्कला ते हातही लावत नाही. 'इन्स्टॉल' चं चिन्ह पडद्यावर दिसेल, ते आज दाबू नका. पेनड्राइव्हवरून चालतंय म्हणून हळू वाटेल, त्यावरून मत बनवू नका.

या अवस्थेत चार गोष्टी तपासा: वायफाय दिसतं का, आवाज येतो का, कॅमेरा चालतो का आणि प्रिंटर सापडतो का. लॅपटॉप असेल तर झाकण मिटून उघडल्यावर पुन्हा जागा होतो का तेही पाहा. इथे सगळं चाललं तर बसवल्यावरही चालेल.

वायफाय दिसत नाहीये!

काही ब्रॉडकॉम आणि रिअलटेक कार्डांना वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो उतरवायला इंटरनेट लागतं, असा हा चक्रव्यूह. फोन यूएसबीच्या वायरीने जोडा आणि फोनमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. मिंटला तो वायरचा इंटरनेट वाटतो. मग मेनूतून 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा, तो कार्ड ओळखून ड्रायव्हर सुचवेल. पाच मिनिटांचं काम आहे, पण हे माहीत नसल्याने लोक अख्खा बेत सोडून देतात.

माझा प्रिंटर चालेल का?

एचपीचे बहुतेक चालतात, एचपीलिप नावाच्या ड्रायव्हर संचामुळे. लेझरजेट १०२० सारख्या जुन्या प्रिंटरला त्याबरोबर एक जादा प्लगइन उतरवावं लागतं. नाही उतरवलं तर प्रिंटर दिसतो, कामही पाठवता येतं, पण कागद बाहेर येत नाही. एप्सनच्या शाईच्या टाकीवाल्या प्रिंटरांना कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो, आणि वायफायवाले नवे प्रिंटर बऱ्याचदा ड्रायव्हरशिवायच सापडतात.

कॅननचा एलबीपी २९०० असेल, आणि झेरॉक्सच्या दुकानांपासून वकिलांच्या टेबलांपर्यंत तो सगळीकडे असतो, तर सांभाळून. त्याची प्रिंट पाठवायची पद्धत कंपनीची स्वतःची आहे आणि लिनक्सवर तो बसवणं किचकट आहे. होतं, पण पहिल्याच दिवशी नवशिक्याने त्यात पडू नये.

मराठी टायपिंगचं काय?

इन्स्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड येत असेल तर तुमच्यासारखं सुखी कुणी नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट जोडताना 'मराठी' निवडायचं, झालं. ळ साठी शिफ्ट आणि एन, दुसऱ्या-तिसऱ्यातल्या ऱ्या साठी आधी शिफ्ट आणि जे, मग हलन्त. जागा विंडोजवर होत्या त्याच, कारण हा सरकारने ठरवलेला मानक आराखडा आहे. अजून शिकला नसाल तर शिका. पंधरा दिवस रोज अर्धा तास पुरतो.

इंग्रजी अक्षरांनी मराठी लिहिण्याची सवय असेल तर 'आयबस' हा टायपिंगचा प्रोग्रॅम बसवून त्यात 'एम१७एन' हा भाषांचा संच जोडा आणि मराठीचा आयट्रान्स किंवा फोनेटिक पर्याय निवडा. फरक एवढाच की गुगलचं टायपिंगचं साधन तुमच्या मनातला शब्द ओळखायचा प्रयत्न करतं, हे नाही करत. नाशिक लिहायचं तर 'ना'तल्या दीर्घ आ साठी ए दोनदा दाबावा लागतो. सुरुवातीला चिडचिड होते. नंतर लक्षात येतं की ऱ्हस्व-दीर्घाकडे आपलं लक्ष कधी नव्हतंच.

फॉन्टांची चणचण नाही. नोटो आणि लोहित असतातच. मुक्त आणि सुबक हवे असतील तर 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचे मुक्ता, बालू आणि राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा, यशोवेणु उतरवून घ्या.

माझ्याकडे श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव अशा फॉन्टांतल्या जुन्या फायली आहेत. त्या उघडतील?

लिनक्सवर जाण्यातला सगळ्यात अवघड भाग हाच आहे, आणि इंग्रजीतल्या कुठल्याही मार्गदर्शकात तो सापडत नाही, कारण त्यांना हा त्रास कधी झालाच नाही.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळण्यापूर्वी मराठी लिहायचे ते असं: फाइलमध्ये साठायची इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, आणि फॉन्ट त्या प्रत्येक चिन्हाला देवनागरीचा मुखवटा चढवायचा. फॉन्ट संगणकात आहे तोवर 'सप्रेम नमस्कार' दिसतं. फॉन्ट नसला की डॉलर, स्वल्पविराम आणि टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं. हे विंडोजच्या दुसऱ्या मशीनवरही होतं. लिनक्सवर जाताना ते पहिल्यांदा लक्षात येतं, एवढंच.

आमच्या मागच्या इमारतीत एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. त्यांनी वडिलांच्या आठवणी टाइप करून ठेवल्या होत्या, सव्वाशेएक पानं. माझ्या कागदावर त्यांनी 'थोडं लेखन' एवढंच लिहिलं आणि मी पुढे विचारलं नाही. मशीन लिनक्सवर गेलं, सर खूश, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन: "अहो, बाबांची फाइल उघडली, पण हे काय झालंय?" जाऊन पाहतो तर पानभर टोप्या. फाइल सहीसलामत होती, पण ते ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत सर नव्हते, आणि त्यांचं चुकलंही नाही. त्यांच्या मुलीकडे नाशिकरोडला एक जुना लॅपटॉप होता, त्यावर तेच सॉफ्टवेअर सापडलं. तिथे फायली युनिकोडमध्ये बदलल्या आणि मग आठ-दहा संध्याकाळी आम्ही दोघं ओळीवर बोट ठेवून वाचत बसलो, कारण रूपांतरात रफार पुढच्या अक्षरावर सरकले होते आणि 'ऱ्या'चा जागोजागी 'र्या' झाला होता. त्यांच्या वडिलांनी १९६९ मध्ये गोदेचा पूर पाहिला होता. त्या पानावर सर थांबले आणि चहा झाल्याशिवाय पुढे वाचलंच नाही.

तर क्रम असा ठेवा. विंडोज अजून चालू असताना अशा सगळ्या फायली शोधा. प्रत्येकीची एक पीडीएफ काढून ठेवा, म्हणजे मूळ मजकूर कसा दिसत होता याचा पुरावा राहील. मग रूपांतर करा. श्रीलिपीच्या संचात युनिकोडमध्ये बदलायची सोय असते, बाकीच्या फॉन्टांसाठी इंटरनेटवर रूपांतरक आहेत. कुठला फॉन्ट आहे ते नेमकं पाहा. एकाच घराण्यातल्या दोन फॉन्टांची कोष्टकं वेगळी असू शकतात. बदललेला मजकूर पीडीएफशी ताडून वाचा. रफार, ऱ्य, ज्ञ, क्ष, ऋ आणि वेलांटी लागलेली जोडाक्षरं आधी तपासा. एवढं झालं की मगच विंडोजला निरोप द्या. मूळ फाइल मात्र पुसू नका.

वर्ड आणि एक्सेलच्या फायली?

लिबरऑफिसमध्ये उघडतात, आणि ते मिंटमध्ये आधीपासून असतं. हवं तर त्याचे मेनू मराठीत करता येतात. कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो, एरियल आणि टाइम्सच्या जागी लिबरेशन हे त्याच मापाचे फॉन्ट येतात, त्यामुळे इंग्रजी पत्राच्या ओळी हलत नाहीत. मराठी मजकूर 'मंगल'मध्ये असेल तर फॉन्ट बदलतो आणि दोन पानांचं पत्र कधी सव्वादोन पानांचं होतं. दुसऱ्याला पाठवायचं पत्र पीडीएफ करून पाठवा.

एक्सेलमध्ये मॅक्रो वापरत असाल तर ते सगळे चालतील असं धरून चालू नका. साध्या बेरजा, गाळण्या, तक्ते यांना काही होत नाही.

बॅकअप खरंच लागतो का? डी ड्राइव्हवर आहेच की सगळं.

सी, डी, ई ही एकाच डिस्कवर मारलेल्या भिंती आहेत. इन्स्टॉल करताना 'इरेज डिस्क' हा पर्याय निवडला की अख्खी डिस्क जाते, भिंतींसकट.

हे मला कसं माहीत? २०२० च्या जानेवारीत विंडोज ७ ची मुदत संपली तेव्हा मी माझ्याच घरी पहिला प्रयोग केला. फोटो डी मध्ये होते, म्हणून निर्धास्त. एक बटण दाबलं, चहा प्यायलो, आणि परत येऊन पाहतो तर पुतण्याच्या मुंजीचे सगळे फोटो गेलेले. फोटोग्राफरकडे प्रत होती म्हणून वहिनींसमोर उभा राहू शकलो. तेव्हापासून माझा नियम: बाहेरच्या हार्ड डिस्कवर एक प्रत, ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिलेली. नुसती कॉपी झाली म्हणून भागत नाही, उघडली पाहिजे.

फोटोंबरोबर विसरल्या जाणाऱ्या गोष्टी: ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क, डेस्कटॉपवर पडलेल्या फायली, डाउनलोड फोल्डरमधली विम्याची पावती, आणि वायफायचा पासवर्ड, जो घरात कुणालाच पाठ नसतो.

विंडोजही ठेवायचं आणि लिनक्सही, असं होतं का?

होतं. इन्स्टॉलर स्वतःच 'विंडोजच्या शेजारी बसवा' असा पर्याय देतो आणि चालू करताना कुठलं हवं ते विचारतो. पण आधी विंडोजमध्ये दोन कामं करा. 'फास्ट स्टार्टअप' बंद करा, नाहीतर विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतं आणि लिनक्सला ती डिस्क नीट वापरता येत नाही. दुसरं, बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लागणारं विंडोजचं कुलूप, चालू आहे का पाहा आणि असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवा. नव्या लॅपटॉपांवर ते मालकाला न सांगताही चालू असतं. की नसेल तर आपल्याच घराबाहेर आपण.

मी स्वतः दोन्ही ठेवायला फारसा उत्सुक नसतो. शेजारी विंडोज असलं की पहिल्या अडचणीला माणूस तिकडे पळतो आणि लिनक्स तसंच पडून राहतं.

दोन्ही ठेवल्यापासून विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे पडतंय.

बॅटरी बदलायला जाऊ नका. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवतं आणि लिनक्स जागतिक वेळ. दोन्हींतला फरक आपल्याकडे बरोबर साडेपाच तासांचा. लिनक्सला 'स्थानिक वेळ वापर' असं एका आज्ञेने सांगता येतं, मग वाद मिटतो.

बसवत असताना लाईट गेली तर?

लॅपटॉप असेल तर बॅटरी पूर्ण भरून घ्या. डेस्कटॉप असेल तर इन्व्हर्टरच्या पॉइंटवर लावा. पावसाळ्यात, आभाळ भरून आलेल्या दुपारी हे काम काढूच नका. मध्येच लाईट गेली तरी मशीन मरत नाही, पेनड्राइव्हवरून पुन्हा पहिल्यापासून करता येतं. डिस्कवरचं जे जायचं ते मात्र गेलेलं असतं.

अँटिव्हायरस कोणता घेऊ?

घरासाठी लागत नाही. विंडोजच्या ईएक्सई फायली इथे आपोआप चालत नाहीत, आणि प्रोग्रॅम मिंटच्याच सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्यायची सवय ठेवली की बहुतेक धोका टळतो. अपडेट आला की घ्या.

पण 'तुमचं वीज कनेक्शन आज रात्री तुटणार' असा मेसेज, पोलिसाच्या वेशातला व्हिडिओ कॉल, ओटीपी मागणारा गोड आवाज यांच्यापुढे लिनक्स आणि विंडोज सारखंच. तिथे फसतो तो माणूस.

गेम चालतात का?

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातले बरेच चालतात, २०१८ पासून त्यांनी विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं 'प्रोटॉन' आणल्यामुळे. व्हॅलोरंट चालत नाही. घरात व्हॅलोरंट खेळणारा असेल तर त्याला विचारल्याशिवाय मशीनला हात लावू नका, मी भांडणं पाहिलीत.

काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप कराव्या लागतात का?

रोजच्या वापरात नाही. वर्षातून दोन-चार वेळा, काही अडलं तर. तेव्हाही इंटरनेटवर दिसली ती ओळ समजल्याशिवाय चिकटवू नका, विशेषतः ती पासवर्ड मागत असेल तर. आणि पहिल्याच दिवशी 'टाइमशिफ्ट' चालू करून ठेवा. ते सिस्टीमच्या प्रती ठेवतं आणि काही बिघडलं तर कालच्या स्थितीत नेऊन सोडतं. तुमच्या फोटो-फायलींचा बॅकअप त्यात धरू नका, तो वेगळाच घ्यायचा.

एम. जी. रोडवरचे संगणकवाले करून देतील का?

एसएसडी, रॅम बसवून घ्यायला जरूर जा, ते काम दुकानदार झटपट करतात. लिनक्स म्हटल्यावर बरेच जण 'कशाला, विंडोजच मारून देतो' म्हणतात. त्यांचाही दोष नाही, त्यांना रोज तेच मागणारे लोक भेटतात. 'मारून देतो' म्हणजे कुठलं विंडोज मारणार, एवढं मात्र विचारा. परवाना आहे की नाही ते उत्तरातच कळतं.

आई-बाबांना जमेल का?

बहुतेकदा तुमच्यापेक्षा लवकर. त्यांना विंडोज येत नसतं, त्यांना 'ते निळं दाबलं की बातम्या' येत असतं. तेच चिन्ह त्याच जागी ठेवा, अक्षर मोठं करा, संपलं. केरळमधल्या सरकारी शाळांत मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवर संगणक शिकतायत. खरा त्रास होतो तो एमएस-सीआयटी करून ऑफिसात वीस वर्षं काढलेल्या मधल्या पिढीला, कारण त्यांच्या बोटांना प्रत्येक बटणाची जागा पाठ असते. त्यांना महिनाभर द्या आणि त्या महिन्यात टोमणे मारू नका.

नाही आवडलं तर परत जाता येतं?

येतं. विंडोज १० किंवा ११ चा डिजिटल परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो, त्यामुळे तीच आवृत्ती पुन्हा टाकली की तो आपोआप लागू होतो. मात्र जायच्या आधी सेटिंग्जमध्ये 'ॲक्टिव्हेटेड' लिहिलंय ना, आणि होम आहे की प्रो, ते बघून लिहून ठेवा.

माझ्या वीसेकांतले दोघं परत गेले. एकाला ऑफिसचं एक सॉफ्टवेअर घरून चालवायचं होतं, जे कागदावर लिहायला तो विसरला. दुसऱ्या वहिनी म्हणाल्या, "भाऊ, सगळं चालतं, पण मला पत्त्यांचा तो जुना डावच हवा." मिंटमध्येही पत्त्यांचा डाव घालता येतो, मी दाखवलाही. पत्ते वेगळे दिसतात म्हणाल्या.